अत्याचारातून बाहेर पडलेल्या व्यक्तीसाठी गावातून मदत आणि निधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील महिला मंडळे, स्वयंसहाय्य गट, देवस्थान समित्या, भजनी मंडळे, माजी विद्यार्थ्यांचे गट आणि साधे शेजारी यांच्यासाठी हे पान आहे. जबर मारहाण, लैंगिक अत्याचार, जाळण्याचा प्रयत्न, कोंडून ठेवणे यांतून कोणी बाहेर पडले की आपल्याकडे माणसे मदतीला धावतात. पण गोवा लहान आहे. पोदेर (पाववाला), बसचा कंडक्टर, पंच आणि शाळेतली बाई एकमेकांना ओळखतात. वर्गणी फिरते तशी सोसणाऱ्या बाईची ओळखही फिरते आणि एकदा फुटलेले नाव परत झाकता येत नाही. म्हणून पुढच्या प्रत्येक उत्तरात आधी हेच पाहिले आहे की तिचे नाव, तिचा पत्ता आणि तिचा निर्णय तिच्याच हातात राहतो ना.

बहुतेक ठिकाणी ‘ती’ लिहिले आहे. मुलगे आणि पुरुषही अत्याचार सोसतात. त्यांच्यासाठी निधी जमवतानाही हीच काळजी घ्यायची.

आज रात्री कळले. आधी काय करायचे?

जिवाला धोका असेल तर ११२. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. सखी वन स्टॉप सेंटरची वाट १८१ वरून कळते. तिथे पोलीस, डॉक्टर, वकील आणि समुपदेशक एका जागी मिळतात आणि साधारण ५ दिवस तात्पुरता निवाराही मिळतो.

लैंगिक अत्याचार असेल तर रुग्णालय गाठायचे. गर्भधारणा टाळणारी गोळी आणि एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. जितक्या लवकर तितका उपयोग जास्त. शक्य असेल तर आंघोळ न करता जावे. अंगावरचे कपडे बदलले असतील तर प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, बुरशी येते आणि पुरावा जातो. आपल्या पावसाळ्यात तर एका रात्रीत. आंघोळ झालीच असेल तरी जायचे. ‘आता काय उपयोग’ असे तिला कोणी म्हणू नये.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी आणि खाजगी दोन्ही रुग्णालयांनी अशा व्यक्तीवर तातडीने आणि विनामूल्य उपचार करायचे असतात. रुग्णालय पोलिसांना कळवते, पण उपचारासाठी आधी एफआयआर दाखवावी लागत नाही. एफआयआर कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते. घटना दुसऱ्या हद्दीत घडली म्हणून ती नाकारता येत नाही. तिची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्या, पुढे प्रत्येक अर्जाला लागते.

अत्याचार मुलावर झाला आहे आणि घरचे म्हणतात, आपसात मिटवू. आम्ही फक्त आर्थिक मदत केली तर चालेल?

नाही. १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. पोक्सो कायद्याचे कलम १९ हे शेजारी, शिक्षक, मंडळाची अध्यक्षा अशा सगळ्यांना लागू होते. न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. १०९८ वर फोन केला की पुढची वाट ते दाखवतात. मुलाला नेमके काय घडले हे आपण खोदून विचारायचे नाही. जेवढे ते स्वतःहून सांगेल तेवढे ऐकायचे, त्याच्याच शब्दांत तारखेसह लिहून ठेवायचे आणि जबाब घेणे प्रशिक्षित लोकांवर सोडायचे.

मुलाच्या अन्न, कपडे, प्रवासासाठी बाल कल्याण समिती तातडीच्या मदतीची शिफारस करू शकते. तो अर्ज लावायला घरच्यांना हात द्या.

निधी नेमका कशासाठी लागतो? वकिलासाठीच ना?

इथेच बहुतेक गट चुकतात. ‘वकिलाची फी’ म्हणून मोठी रक्कम गोळा होते आणि खोलीच्या भाड्याला पैसे उरत नाहीत. फौजदारी खटला सरकारी वकील चालवतो, त्याची फी तिला पडत नाही. बाकी सल्ला आणि अर्जांसाठी विधी सेवा प्राधिकरण आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला आणि मुले यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. फोन १५१००. तालुक्याच्या कोर्टातही चौकशी करता येते.

पैसा लागतो तो रोजच्या जगण्याला. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केल्यावर पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत व्हावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात त्याहून जास्त दिवस जातात आणि तोवर पोटगी हातात नसते. म्हणून निदान ३ महिन्यांचा हिशेब धरा. एक आई आणि शाळेत जाणारी दोन मुले असतील तर तो साधारण असा दिसतो. आकडे नमुन्याचे आहेत, आपल्या भागातले घाला:

खोलीची अनामत १२,०००, भाडे दरमहा ६,००० प्रमाणे १८,०००, शेगडी, भांडी, गाद्या ८,०००, किराणा, दूध, गॅस दरमहा ७,००० प्रमाणे २१,०००, वह्या, गणवेश, रिक्षा ६,०००, कोर्ट आणि रुग्णालयाच्या १० फेऱ्या ४,०००, साधा स्मार्टफोन आणि नवे सिम ७,०००, औषधे ३,०००. बेरीज ७९,०००. त्यावर १० टक्के अचानक खर्चासाठी, म्हणजे एकूण ८६,९००.

बुडालेला रोज यात धरलेला नाही आणि तो विसरू नका. सत्तरी, सांगे किंवा काणकोणहून पणजीला किंवा मडगावला तारखेला यायचे म्हणजे अख्खा दिवस जातो. तारीख पुढे ढकलली तरी दिवस गेलेलाच असतो. घरकाम किंवा काजूच्या कारखान्यात रोजावर काम करणाऱ्या बाईला महिन्यात अशा तीन फेऱ्या पडल्या की ती पुढच्या तारखेला जाणे सोडते.

नाव न सांगता लोक पैसे देतील का?

देतात, जर मागणारी माणसे ओळखीची आणि विश्वासाची असतील. लोक विश्वास ठेवतात तो तुमच्यावर. तिची कहाणी त्यासाठी लागत नाही.

व्हॉट्सॲपवर नेहमी फिरतो तो मजकूर असा असतो: ‘आपल्या वाड्यावरील एका गरीब भगिनीवर नवऱ्याने कोयत्याने वार केले. दोन लहान मुली, मोठी चौथीत. सध्या माहेरी डिचोलीला आहे.’ यात नाव नाही, तरी वाड्यावरच्या सगळ्यांना कळले कोण ते. त्याहून वाईट म्हणजे ती कुठे आहे हे नवऱ्यालाही कळले. मुलीच्या वर्गातही सोमवारी कळेल.

त्याऐवजी असे लिहा: ‘आमचे मंडळ घरगुती अत्याचारातून बाहेर पडलेल्या एका कुटुंबाला ३ महिने उभे राहायला मदत करत आहे. भाडे, किराणा, शाळा आणि प्रवास यांसाठी ८६,९०० रुपये हवे आहेत. कुटुंबाची ओळख आम्ही कोणालाही सांगणार नाही. हिशेब देणगीदारांना महिन्याला मिळेल. मुदत ३० तारीख.’ तालुका, मुलांची संख्या, वय, जखम, शस्त्र, नवऱ्याचा धंदा यांपैकी काहीही नको. तरी कोणी ‘कोण गो ती?’ म्हणून विचारतेच. सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचे: ‘ते आम्ही कोणालाच सांगत नाही.’ एकाने मान हलवली तरी बातमी फुटते.

तिची स्वतःची हरकत नसेल तर फोटो वापरू का?

बलात्कार आणि तशा काही गुन्ह्यांत पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, शिक्षा २ वर्षांपर्यंत. सज्ञान व्यक्ती स्वतः लेखी संमती देऊ शकते. मुलांच्या बाबतीत आईवडिलांच्या संमतीनेही ते करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात हे अधिक स्पष्ट केले आहे. फक्त नाव लपवून भागत नाही, ओळख पटेल असा कोणताही तपशील चालत नाही.

सज्ञान असली आणि हो म्हणाली, तरी आमचे मत स्पष्ट आहे: फोटो नको. पहिल्या काही आठवड्यांत ती ज्यांच्या मदतीवर जगते त्यांना नाही म्हणणे तिला जमत नाही. त्या ‘हो’वर मोहीम उभारू नये. चेहरा धूसर केलेला फोटोही नको, कारण साडी, मंगळसूत्र, मागची भिंत ओळखू येते. धनादेश देतानाचा फोटो तर मुळीच नको, पाठमोरा असला तरी.

पैसे कोणाच्या खात्यात घ्यायचे?

सर्वांत सुरक्षित म्हणजे नोंदणीकृत संस्थेचे खाते, दोन सह्यांचे. तुमचा गट नोंदलेला नसेल तर या क्षेत्रात आधीपासून काम करणाऱ्या संस्थेला विचारा की या निधीसाठी वेगळा हिशेब ठेवाल का. ८०जी नोंदणी असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर जुनी करप्रणाली निवडणाऱ्याला आयकराची सवलत मिळते, पण रोख २,००० रुपयांच्या वरच्या देणगीवर मिळत नाही.

एका सभासदाच्या वैयक्तिक खात्यात गोळा करणे सोपे वाटते आणि तिथेच भांडणे होतात. वर कराचा प्रश्न येतो. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात मिळालेली रक्कम ५०,००० च्या वर गेली तर ती संपूर्ण रक्कम खातेदाराचे उत्पन्न धरली जाते. थेट तिच्या खात्यात टाकली तरी हाच नियम. मोठी रक्कम असेल तर आधी सीएला विचारा.

क्यूआर कोड छापण्याआधी दुसऱ्याच्या फोनवरून एक रुपया पाठवून पडद्यावर कोणते नाव येते ते पाहा. यूपीआय आयडीत मोबाईल नंबर असेल तर तो बदला. देणगीदारांना सांगा की पैसे पाठवताना टिपणीत ‘मदत निधी’ एवढेच लिहा, कारण लोक प्रेमाने ‘अमुकच्या आईसाठी’ असे लिहितात आणि ते बँकेच्या कागदावर कायम राहते.

तिला पैसे द्यायच्या खात्याचीही तपासणी करा. जुने खाते नवऱ्याबरोबर जोड असेल, एसएमएस त्याच्या फोनवर जात असतील किंवा पासबुक घरात राहिले असेल तर पैसे आल्याचे आणि कोणत्या एटीएममधून काढल्याचे त्याला कळते. वेगळ्या बँकेत नवे खाते उघडा, नवा नंबर जोडा. गृह आधार या राज्य सरकारच्या योजनेचे दरमहा १,५०० रुपये जुन्या खात्यात येत असतील तर खाते बदलण्याचा अर्जही लगेच द्या.

लिस्बन, लंडन, दुबईतले गोंयकार पैसे पाठवू इच्छितात. घ्यावे?

पासपोर्ट पाहा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. पोर्तुगीज किंवा ब्रिटिश पासपोर्ट असेल तर ती व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने विदेशी आहे, ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असले तरी. तिचे पैसे फक्त एफसीआरए (विदेशी देणगीचा कायदा) नोंदणी असलेली संस्थाच, दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरलेल्या खात्यात घेऊ शकते. आपल्याकडे घरटी कोणी तरी पोर्तुगीज पासपोर्टवर असते, म्हणून ही चूक गोव्यात सहज होते. पैसे आल्यावर परत करणे कटकटीचे असते. आवाहनातच लिहा की भारतीय पासपोर्टधारकांकडूनच देणगी स्वीकारली जाईल.

जत्रा, सप्ताह, चवथ, नाटक यांतून निधी उभारता येईल का?

येईल आणि चांगला येतो. सप्ताहाच्या शेवटी पावणीत नारळ, केळ्यांचा घड, फुलांची वेणी यांचा लिलाव होतो तेव्हा लोक मोकळ्या हाताने बोली लावतात. समितीने आधी ठराव करून अमुक वस्तूंची पावणी मदत निधीला, असे जाहीर करावे. बोलीचे पैसे बरेचदा ‘मागाहून देतो’ म्हणून राहतात. त्याच जागी नाव, वस्तू, रक्कम लिहून सही घ्या आणि वसुली ८ दिवसांत संपवा.

घोषणा करताना माईकवाल्याला मजकूर लिहून द्या. भावनेच्या भरात तो दोन वाक्ये जास्त बोलतो आणि सगळे घालवतो. दुसरे म्हणजे त्याच जत्रेत आरोपीचे घराणे मानकरी असू शकते. तिला आधी विचारा. ती नको म्हणाली तर दुसरा कार्यक्रम निवडा.

नाटकाच्या तिकिटांना क्रमांक हवेत. बक्षिसाची कुपने आणि सोडत टाळा, ती लॉटरीच्या कायद्यात येते.

हिशेब उघड ठेवायचा आणि नाव लपवायचे, हे कसे जमते?

दोन वह्या. पहिलीत तिला एक खूण द्या, समजा ‘क-३’, आणि सगळा खर्च त्या खुणेखाली लिहा. दुसरीत खूण आणि खरे नाव. ही वही दोनच माणसांना माहीत, कुलपात, फोनमध्ये फोटो नाही. भाड्याच्या पावतीवर तिचे नाव असते, म्हणून मूळ पावती दुसऱ्या वहीसोबत राहते आणि पहिलीत फक्त ‘भाडे, जून, ६,०००’. देणगीदारांना महिन्याच्या शेवटी जमा, खर्च, शिल्लक. तपासणीसाठी गटाबाहेरचा एक विश्वासू माणूस वर्षातून एकदा दोन्ही वह्या पाहील, असे सुरुवातीलाच ठरवा. पावतीपुस्तक क्रमांक असलेले, नक्कल प्रतीचे. रोख जमा झाली की दुसऱ्या दिवशी बँकेत.

रोख द्यावी की किराणा भरून द्यावा?

अनामत आणि भाडे थेट घरमालकाला दिले तर तिला धावपळ नाही. बाकी रोख. तिला काय लागते ते तिलाच कळते. एखाद्या आठवड्यात तांदळाआधी सॅनिटरी पॅड किंवा मुलाचे जंताचे औषध लागते आणि ते मंडळाच्या सभेत मागायची वेळ कोणावर येऊ नये. तिने मुलीला आईस्क्रीम दिले म्हणून कोणी बोलायचे नाही.

सरकार नुकसानभरपाई देते ना? मग वर्गणी कशाला?

अर्ज जरूर करा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेत बलात्कारासाठी ४ ते ७ लाख, सामूहिक बलात्कारासाठी ५ ते १० लाख अशा मर्यादा आहेत. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, एफआयआरची प्रत जोडून. खटल्याचा निकाल लागायची वाट पाहायची नसते, अंतरिम मदत मागता येते. आम्लहल्ल्यात १ लाख रुपये १५ दिवसांत द्यायचे असतात.

पण मंजूर रक्कम सगळी हातात येत नाही. त्या योजनेत साधारण ७५ टक्के रक्कम किमान ३ वर्षांच्या मुदत ठेवीत जाते आणि २५ टक्के खर्चाला मिळते. अल्पवयीन असेल तर ठेवीचा वाटा ८० टक्के. ‘तिला पाच लाख मिळाले’ अशी बातमी गावात पसरली की मदत थांबते आणि नातेवाईक उसने मागायला येतात. त्या वेळी तुमच्या निधीची गरज संपलेली नसते.

आमच्या पैशांमुळे खटल्याला बाधा येऊ शकते का?

येऊ शकते. उलटतपासणीत तिला विचारले जाते की तक्रार करायला तुला पैसे कोणी दिले. म्हणून मदत तक्रारीशी जोडू नका. ‘केस मागे घेतली तर निधी बंद’ असा ठराव कधीही करू नका. आवाहनात खटल्याचा, आरोपीचा उल्लेख नको. तिची कहाणी व्हिडिओवर घेऊ नका, कारण त्यातले एखादे वाक्य जबाबापेक्षा वेगळे निघाले की तेच पुढे करतात. सुनावणीला सोबत जा, पण ‘असे सांग, तसे सांग’ म्हणू नका.

पंच किंवा ओळखीचे वडीलधारे ‘समजूत घालायला’ आले तर ते कोण, कधी, काय म्हणाले हे तारखेसह लिहून ठेवा आणि तिच्या वकिलाला द्या.

ती घर सोडून आली. घरावरचा हक्क गेला का?

नाही. गोव्यात समान नागरी कायदा आहे आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पतीपत्नीची मालमत्ता सामाईक, दोघांचा अर्धा अर्धा वाटा. स्थावर मालमत्ता एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय विकता येत नाही. म्हणूनच भांडणाच्या दिवसांत तिच्यापुढे सहीसाठी कागद ठेवले जातात. वकिलाने वाचल्याशिवाय तिने कुठेही सही करू नये, नोटरीकडे तर नाहीच. लग्न ज्या कार्यालयात नोंदले तिथून दाखल्याची नवी प्रत मिळते. मूळ कागद घरात अडकला तरी घाबरायचे कारण नाही. घर सासऱ्याच्या नावावर असले तरी कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे कलम १७ तिला तिथे राहण्याचा हक्क देते.

नवी खोली आणि शाळा घेताना काय सांभाळायचे?

घरमालकाला भाडेकरूची माहिती पोलिसांत द्यावी लागते. ती टाळू नका. तिच्यासोबत ठाण्यात जाऊन पत्ता गुप्त ठेवण्याची विनंती लेखी द्या. आठवीपर्यंत शाळा सोडल्याच्या दाखल्याअभावी प्रवेश अडवता येत नाही. तो मागायला जुन्या शाळेत कोणी गेले की नवी शाळा कुठली ते तिथून कळते, तेव्हा आधी नव्या मुख्याध्यापिकेशी बोला. मुलांना कोण नेऊ शकते त्यांची नावे लेखी द्या. फोनमधले लोकेशन शेअरिंग आणि जुन्या ईमेलचे लॉगिन पहिल्याच दिवशी बंद करा. मुलाच्या टॅबमध्येही तेच खाते चालू असते.

तिला भेटलो तर बोलायचे काय?

जेवलीस का, झोप लागते का, उद्या काय लागेल. ‘आधीच का नाही निघालीस’ हे विचारू नका. रात्री घुसमट होत असेल तर टेलिमानस १४४१६ वर मोफत बोलता येते.

तीन महिन्यांनी ती नवऱ्याकडे परत गेली. देणगीदार चिडले आहेत. काय करावे?

असे वारंवार घडते. मुलांची ओढ, पैसा, आईवडिलांचा दबाव, त्याने घातलेल्या शपथा अशी कारणे असतात आणि बऱ्याच जणी एकदा नव्हे, अनेकदा निघून मग कायमच्या सुटतात. दिलेले पैसे परत मागू नका. देणगीदारांना ‘कुटुंबाची व्यवस्था बदलली, शिल्लक निधीत राखून ठेवली आहे’ एवढेच कळवा. आवाहन करतानाच लिहून ठेवले असेल की शिल्लक अशाच दुसऱ्या कुटुंबाला जाईल, तर वाद होत नाही.

तिच्याशी दोर तोडू नका. तिच्या परवानगीने एक पिशवी मंडळातल्या एकीकडे ठेवा: आधार, रेशन कार्ड, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचे कार्ड यांच्या प्रती, बँकेच्या नव्या खात्याचे पासबुक, एक चार्जर, ५०० च्या चार नोटा, मुलांचे एकेक जोडी कपडे. एक खुणेचे वाक्य ठरवा, समजा ‘मावशी, शिवणाचे माप झाले का?’ असा निरोप आला की प्रश्न न विचारता गाडी निघायची. गाडी कोणाची, चालवणार कोण आणि तो नसेल तर दुसरा कोण, हे आजच लिहून ठेवा.